तुम्ही विचारलंत म्हणून: एका बंदुकीवर जंगलात जगता येत होतं का?

अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या शिकाऱ्यांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. डॅनियल बून, डेव्ही क्रॉकेट, ह्यू ग्लास ही मंडळी एक बंदूक आणि एक सुरा घेऊन वर्ष-दोन वर्षं जंगलात राहायची म्हणतात, ते खरं का? आणि त्याला जोडूनच दुसरा: नेम एवढा पक्का होता, तर पैसा का नाही टिकला?

राहायचे, हे खरं. एका बंदुकीवर राहायचे, हे तितकंसं खरं नाही. आणि पैशाचं उत्तर नेमात शोधून सापडत नाही, ते कातड्यांत आहे. गोळी घालणं हे त्यांच्या दिवसातलं दोन मिनिटांचं काम. उरलेला दिवस सोलणं, खरवडणं, मऊ करणं, बांधणं आणि बांधलेलं राखणं यात जायचा. लोककथांनी ती दोन मिनिटं उचलली आणि बाकीचा दिवस वाऱ्यावर सोडला.

बूनपासूनच सुरुवात करू, कारण त्याच्याबद्दल कागद बरेच आहेत. जन्म १७३४ चा, पेनसिल्व्हेनियातला. पुढे बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलायनातल्या याडकिन नदीच्या खोऱ्यात. १ मे १७६९ रोजी तो आणखी पाच जणांबरोबर घरून निघाला, कम्बरलँड गॅप नावाच्या खिंडीतून केंटकीत उतरला आणि १७७१ उजाडेपर्यंत परतला नाही. अशा लांब मुदतीच्या मोहिमांवर जाणाऱ्यांना तिकडे 'लाँग हंटर' म्हणत. त्यांच्याबरोबर ओझ्याचे घोडे असत. घोड्यांवर बंदुकीची दारू, शिसं, गोळ्या ओतायचा साचा, लोखंडी सापळे, किटली, मीठ, घोंगड्या. मुक्कामाचा तळ एका जागी, तिथून जोडीजोडीने शिकारीला पांगायचं आणि ठरल्या दिवशी कातडी घेऊन तळावर यायचं. म्हणजे एकांडा वीर कुठेच नाही. आणि हेही आधीच सांगून ठेवतो की हे सगळं परक्याच्या रानात चाललेलं होतं. १७६३ साली इंग्लंडच्या राजाने ॲपलाचियन पर्वताच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांना वस्तीची मनाई केली होती, आणि केंटकी ही शॉनी, चेरोकी वगैरे मूळ रहिवासी लोकांची शिकारीची राखीव जमीन होती.

आता ती बंदूक. ठासणीची आणि चकमकीची. पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास, स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी ती घडवली. नाव मात्र पुढे केंटकीचं पडलं. नळी बाहेरून अष्टकोनी, लांबी ४२ ते ४६ इंच, आत हाताने कापलेल्या पिळदार खाचा; साधारण ४८ इंचांत एक पूर्ण पीळ बसेल इतका सावकाश. दस्ता मेपलच्या लाकडाचा. नळीचं भोक ०.४० ते ०.५० इंचाच्या दरम्यान. या बारीक भोकातच सगळं शहाणपण आहे. इंग्रज फौजेच्या मस्केट या रुंद भोकाच्या बंदुकीच्या एका पाऊंड शिशात, म्हणजे साडेचारशे ग्रॅममध्ये, चौदाएक गोळ्या होत. ०.४५ इंचाच्या नळीला लागणाऱ्या गोळ्या तेवढ्याच शिशात पन्नासच्या वर होतात. दुकान तीनशे मैलांवर असेल तर हा फरक जीवनमरणाचा.

भरायची पद्धत अशी. दारू जनावराच्या पोकळ शिंगात ठेवलेली असे; ती आधी मापात घ्यायची, शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. मागच्या बाराचा निखारा आत धुमसत असेल तर शिंगच हातात उडतं. या नळीला ६० ग्रेनच्या, म्हणजे चारेक ग्रॅमच्या, आसपास दारू पुरते, म्हणजे पाऊंडभर दारूत शंभराच्या थोडे वर बार. मग नळीच्या तोंडावर चरबी लावलेली लिननची किंवा पातळ कातड्याची चिंधी. त्यावर गोळी, ओतकामाचा देठ आकाशाकडे करून. गोळी नळीपेक्षा जराशी लहान असते, चिंधी ती पोकळी भरते आणि खाचांना धरून गोळीला गिरकी देते. अंगठ्याने गोळी दाबायची, वर आलेली चिंधी सुऱ्याने तोंडालगत कापायची आणि हिकरीच्या लाकडाच्या गजाने गोळी दारूला टेकेपर्यंत सरळ खाली न्यायची. मग बाजूच्या रंजकदानीत चिमूटभर बारीक दारू, झाकण बंद, गारगोटी धरलेला घोडा मागे. चाप ओढला की गारगोटी पोलादी झाकणावर घासते, झाकण उघडतं, ठिणग्या रंजकात पडतात आणि जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बुडाशी बाजूला असलेल्या बारीक भोकातून, आत शिरतो. सरावलेल्या हाताला भरायला अर्धं मिनिट पुरे.

बिघडायचं कुठे, तर जवळजवळ सगळीकडे. गोळी दारूपासून वर अडकून राहिली तर मधल्या हवेमुळे नळी फुगते, कधी फाटते. म्हणून गजावर खूण केलेली असे, ती नळीच्या तोंडाशी आली की गोळी बसली. घाईत दारू न घालता गोळी ठासली तर गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती उपसत बसावं लागे. काळी दारू निम्म्याच्या वर राख मागे ठेवते. चार-सहा बारांनंतर गोळी खाली जाईना होते, मग थुंकी लावलेल्या चिंधीने नळी पुसायची. पावसाळी हवेत रंजक ओला होऊन लापशी. त्यावर चरबी चोळलेल्या कातड्याची टोपी चढवायची आणि तरी दर थोड्या वेळाने रंजक बदलायचा. कानात राख बसली तर रंजक भपकन पेटतो आणि आतला बार ढिम्म. म्हणून तार किंवा पिसाचा देठ जवळ हवाच. गारगोटीची धार जाते, तेव्हा सुऱ्याच्या पाठीने तिचे टवके उडवून ती परत काढायची. आणि सगळं जमून आलं तरी रंजक पेटण्यात आणि गोळी सुटण्यात क्षणभराचं अंतर राहतं. तेवढ्यात हरणाला जाळ दिसतो. त्यामुळे नेम धरण्यापेक्षा बार सुटेपर्यंत तो न हलवणं जास्त कठीण.

यावरून अंतराचा अंदाज येईल. शंभर यार्डांच्या आत हरणाच्या छातीत गोळी घालणं हे चांगल्या शिकाऱ्याचं रोजचं काम. दोनशे यार्डांवर जत्रेत पैज लावायची, रानात दारू वाया घालवायची नाही. झाडाच्या फांदीवरची माशी टिपल्याच्या गोष्टी रात्री शेकोटीपाशी ऐकाव्यात. बूनचं खरं कसब माग काढण्यात, वारा ओळखण्यात आणि जनावर कुठे येणार हे आधीच ताडण्यात होतं. केंटकीत जमिनीतून खाऱ्या पाण्याचे पाझर फुटतात. हरणं, एल्क नावाची मोठी हरणं, रानगवे ती खारी माती चाटायला येतात. अशा जागेच्या वाऱ्याखालच्या अंगाला बसून राहणं हे निम्मं काम.

जनावर पडलं की खरी मेहनत सुरू. ताजं कातडं उन्हाळ्यात फार टिकत नाही आणि कच्चं असतं तेव्हा वजनाला भारी असतं. म्हणून ते अर्धवट कमवून घ्यायचं. तिरक्या रोवलेल्या सोललेल्या ओंडक्यावर कातडं पसरून बोथट दुहाती सुऱ्याने आतलं मांस-चरबी आणि बाहेरचे केस, केसांखालच्या वरच्या पापुद्र्यासकट, खरवडून काढायचे. सुरा धारदार असेल तर कातडं चिरतं आणि भाव पडतो. म्हणून तो मुद्दाम बोथट. मग उभ्या रोवलेल्या फळीच्या कडेवरून ते मागेपुढे ओढत राहायचं, मऊ होईपर्यंत. पूर्ण कमवायचं असेल तर पुढे जनावराचा मेंदूच कोमट पाण्यात कालवून चोळायचा आणि शेवटी धुरावर धरायचं. धुरी दिलेलं कातडं भिजून वाळल्यावरही कडक होत नाही. पण विकायच्या मालाला एवढा वेळ कोण देतो? खरवडून मऊ केलं की झालं. अशा कातड्याचं वजन अडीच पाऊंडांच्या आसपास येतं. पन्नास कातड्यांचा एक गठ्ठा, दोन अंगांना दोन गठ्ठे, म्हणजे एका घोड्यावर शंभर कातडी, अडीचशे पाऊंड. घोडा मेला की त्याची शंभर कातडी रानातच राहिली, इतका साधा हिशोब.

गठ्ठे जमिनीवर ठेवायचे नाहीत. लांडगे, अस्वलं, ओल आणि किडे, चौघांनाही ते आवडतात. चार खांबांवर मचाण करून त्यावर रचायचे, वर झाडाच्या सालीचं नाहीतर एल्कच्या कातड्याचं छप्पर. महिन्याभराने येऊन बघावं तर मचाण कोसळलेलं आणि माल कुजलेला, हे या धंद्यात अनेकांचं झालं.

बूनचं नुकसान मात्र किड्यांनी केलं नाही. २२ डिसेंबर १७६९ रोजी त्याला आणि त्याचा मेहुणा जॉन स्टुअर्टला शॉनींच्या एका टोळीने पकडलं. त्यांचा म्होरक्या 'कॅप्टन विल' नावाने इंग्रजांना ठाऊक होता. त्याने दोघांना तळ दाखवायला लावला, सात महिन्यांची सगळी कातडी, बंदुका, घोडे काढून घेतले, आणि मग दोघांना मोकॅसिन नावाच्या मऊ कातडी जोड्यांचे दोन-दोन जोड, चिंध्यांसाठी एक हरिणीचं कातडं, एक साधी व्यापारी बंदूक आणि मोजकी दारू देऊन सोडून दिलं. परत इकडे आलात तर गांधीलमाश्या डसतील, एवढी ताकीद. लोककथा याला लूट म्हणते. मला ती राखणदाराने चोरट्या शिकाऱ्याचा माल जप्त करून त्याला वाटखर्ची देऊन हाकलल्यासारखी वाटते, आणि त्या काळाच्या मानाने सौम्यच.

बून परतला नाही. त्याचा भाऊ स्क्वायर नवं सामान घेऊन येऊन मिळाला. काही आठवड्यांत स्टुअर्ट सापळे बघायला गेला तो गेलाच. १७७५ साली रस्ता काढताना एका पोकळ सिकॅमोर झाडात सांगाडा सापडला. दारूच्या शिंगावरच्या खुणेवरून तो स्टुअर्टचा ठरला, डाव्या हाताच्या हाडाला गोळी लागलेली. १ मे १७७० ला दारू-शिसं संपत आलं म्हणून स्क्वायर जमलेली कातडी विकायला घरी गेला आणि बून जवळजवळ तीन महिने एकटा राहिला. मीठ नाही, भाकरी नाही, घोडा नाही, कुत्रा नाही. 'एका बंदुकीवर जंगलात' ही दंतकथा ज्या तुकड्यावर उभी आहे, तो तुकडा हा. दोन वर्षांतले तीन महिने, आणि तेही भाऊ दारू घेऊन येईल या भरवशावर. १७७१ च्या वसंतात दोघं भाऊ माल लादून निघाले आणि खिंडीजवळ पुन्हा लुटले गेले. दोन वर्षांच्या श्रमानंतर घरी परतताना हाती काहीच नव्हतं. निघताना उधारीवर घेतलेल्या सामानाचं देणं तेवढं उरलं.

आणि चित्रांत या शिकाऱ्यांच्या डोक्यावर दिसते ती रकून या प्राण्याच्या शेपटीची टोपी? बून ती घालत नसे. तो बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या, लाकूड कुरतडणाऱ्या प्राण्याच्या लोकरीची रुंद कडेची हॅट घाले. टोपी घरोघरी पोचली ती १९५०च्या दशकात, क्रॉकेटवरच्या टीव्ही मालिकेमुळे. क्रॉकेटबद्दल सांगायचं तर तो अस्वलांचा शिकारी. टेनेसीत एका वर्षात १०५ अस्वलं मारल्याचा दावा त्याने स्वतःच्या १८३४ च्या आत्मचरित्रात केला, म्हणजे तो निवडणुका लढवत होता त्या काळात. त्या आकड्याला तेवढी सूट द्यावी. पण पद्धत खरी आहे: अस्वल कुत्र्यांनी शोधायचं, कुत्र्यांनी अडवायचं, बंदूक शेवटी. कुत्री चांगली नसतील तर क्रॉकेटही रिकाम्या हाताने घरी. मिसिसिपी नदीतून पिंपांच्या लाकडी पट्ट्या तराफ्यांवर घालून विकायला नेण्याचा उद्योगही त्याने करून पाहिला; तराफे मेम्फिसच्या आसपास बुडाले आणि तो जेमतेम वाचला.

पश्चिमेकडच्या रॉकी पर्वतात गेलं की बंदूक आणखीनच मागे पडते. १८२० ते १८४० मधले 'माउंटन मेन' म्हणजे जिम ब्रिजर, जेडेडाया स्मिथ, जिम बेकवर्थ, ह्यू ग्लास हे शिकारी कमी आणि फासेपारधी जास्त. बेकवर्थ हा व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मलेला कृष्णवर्णीय. पुढे वर्षानुवर्षं क्रो या मूळ रहिवासी लोकांत राहिला आणि सिएरा नेवाडातली एक खिंड आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. या सगळ्यांना हवा होता बीव्हर. त्याच्या कातडीचं चामडं कुणाला नको होतं. हवी होती आतली बारीक लोकर. तिच्या तंतूंना सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ती दाबली की घट्ट गुंतते आणि उत्तम हॅट होते.

सापळा हाताने घडवलेल्या लोखंडाचा, पाच पाऊंडांच्या आसपास, साखळी पाचेक फूट. एका माणसाकडे असे पाच-सहा. लावायची रीत बारकाईने बघण्यासारखी आहे. संध्याकाळी ओढ्यात बऱ्याच अंतरावरून उतरून पाण्यातूनच चालत यायचं, काठावर माणसाचा वास राहू द्यायचा नाही. बीव्हर चढतो-उतरतो त्या जागी सापळा पाण्याखाली तीन-चार इंच बसवायचा. साखळी खोल पाण्याच्या दिशेला ताणून तिच्या कडीतून वाळलेली खुंटी तळात ठोकायची. मग एका काडीचं टोक बीव्हरच्या शेपटीजवळच्या गंधपिशवीतल्या रसात बुडवून ती काडी सापळ्यावर अशी खोचायची की टोक पाण्याच्या वर चार-पाच इंच येईल. परक्या बीव्हरचा वास आला म्हणून मालक चौकशीला येतो, पाय टेकतो, सापळा मिटतो. घाबरून तो खोल पाण्याकडे सूर मारतो आणि सापळ्याच्या वजनाने बुडतो.

इथेही चुका ठरलेल्या. पाणी उथळ असेल तर तो बुडत नाही, पाय पिरगळून किंवा कुरतडून सुटतो; पुढचा पाय पकडला गेला तर फारच लवकर. खुंटी ओली असेल तर तीच खातो, कारण ओलं लाकूड हे त्याचं जेवण, म्हणून वाळलेली. खुंटी उखडलीच तर वाळलेलं लाकूड तरंगतं आणि नऊ डॉलरचा सापळा कुठे गेला ते दाखवतं. आणि पहाटे पुन्हा त्याच गार पाण्यात उतरायचं. या लोकांचे सांधे चाळिशीच्या आत गेले ते अस्वलांमुळे नव्हे.

कातडी पोटावरून उघडून, विलोच्या पातळ काडीच्या गोल रिंगणावर दोऱ्याने ताणून खरवडायची, वाळली की लोकर आत घालून दुमडायची. साठ ते ऐंशी कातडी दाबून एक गठ्ठा, शंभर पाऊंडांच्या आतबाहेर. खेचराला दोन गठ्ठे. मोठ्या टोळ्यांत या कामाला तळावर वेगळी माणसं ठेवलेली असत, आणि ज्यांनी शोशोनी, क्रो वगैरे समाजांत लग्नं केली होती त्यांच्या तंबूत हे काम बायका करत. कातडं कमावण्यात त्यांचा हात धरणारा गोरा माणूस त्या पर्वतांत नव्हता. त्यांची नावं मात्र कुठल्याच टोळीच्या वहीत धड लिहिलेली नाहीत.

आता पैशाचं. १८२५ पासून दर उन्हाळ्यात पर्वतातच 'राँदेव्हू' नावाचा बाजार भरू लागला, शेवटचा १८४० साली. सेंट लुईसहून व्यापारी माल घेऊन येई आणि कातडी घेऊन जाई. पहिल्या बाजारात बीव्हरचा भाव पाऊंडाला तीन डॉलरच्या आसपास. मोठ्या बीव्हरची वाळलेली कातडी दीड पाऊंडाच्या थोडी वर. समजा वर्षात शंभर मिळाली, तर साडेचारशे-पाचशे डॉलर. आता १८२६ चे घाऊक भाव पाहा: दारू पाऊंडाला दीड डॉलर, शिसं एक, कॉफी सव्वा, साखर एक, घोंगडी नऊ, सापळा नऊ. हे टोळीच्या मालकांना. साध्या पारध्याला यावर चढवून. सहा सापळे आणि दोन घोंगड्यांतच बहात्तर डॉलर गेले. मग घोडा, कापड, तंबाखू, दारू, इथे प्यायची. दोन्ही बाजूंचा भाव एकच व्यापारी ठरवणार आणि पुढचा व्यापारी हजार मैलांवर. आपल्याकडे सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुळाला हा हिशोब वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे रेशमी हॅटची फॅशन आली, ओढेही रिकामे झाले होते, आणि पंधरा-सोळा वर्षांत सगळा खेळ आटोपला.

ह्यू ग्लासबद्दल विचारणारे बहुतेक सिनेमा बघून आलेले असतात. खात्रीने सांगता येतं ते एवढं: ऑगस्ट १८२३ मध्ये आजच्या साउथ डकोटातल्या ग्रँड नदीजवळ ग्रिझली अस्वलाने त्याला फाडलं, मागे ठेवलेले दोघं तो मरणारच असं धरून त्याची बंदूक आणि सामान घेऊन निघून गेले, आणि तो सरपटत, चालत, दोनशेएक मैलांवरच्या व्यापारी ठाण्यापर्यंत पोचला. ही हकीकत १८२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मासिकात दुसऱ्याच माणसाने छापली. मला त्याहून बोलकी वाटते ती त्याच सालच्या शरदातली जेडेडाया स्मिथची गोष्ट. अस्वलाने त्याचं डोकं तोंडात धरलं, टाळू सोलली गेली, एक कान लोंबत राहिला. सुई-दोरा असेल तर काढ आणि शिव, असं त्यानेच जेम्स क्लायमन या साथीदाराला सांगितलं. क्लायमनने टाळू शिवली, पण कानाचं काही जमणार नाही म्हणाला. कसाही जोड, स्मिथ म्हणाला. मग क्लायमनने आरपार टाके घालत, हाताने तुकडे जुळवत तो कान जोडला. स्मिथ स्वतः घोड्यावर बसून तळावर गेला आणि पुढे केस लांब ठेवू लागला. कातडी शिवायची सुई रोज हातात असणाऱ्याला हे सुचलं, यात नवल नाही.

रानगव्यांचा, म्हणजे बायसनचा, धंदा हा वेगळाच प्रकार. तिथे बंदूक यंत्रासारखी वापरली गेली. बफेलो बिल कोडीने १८६७-६८ मध्ये कॅन्ससात रेल्वेच्या मजुरांना मांस पुरवायचा ठेका घेतला: रोज बारा गवे, महिना पाचशे डॉलर, आणि त्याच्याच सांगण्यानुसार एकूण ४२८०. त्याला मांस हवं होतं, त्यामुळे तो घोड्यावरून कळपाच्या पुढच्या जनावरांना आतल्या बाजूने वळवत गोल फिरवायचा आणि जवळजवळ पाडायचा, म्हणजे गाडीला माळभर फिरावं लागू नये. १८७१ नंतर मात्र गव्याच्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे करता येऊ लागले आणि मांसाची गरजच संपली. हे कातडेवाले शिकारी घोड्यावर बसतच नसत. वाऱ्याखाली दोनशे-तीनशे यार्डांवर आडवं पडायचं, बारा-सोळा पाऊंडांची शार्प्स बंदूक दुहेरी काठीवर टेकवायची आणि कळपाची म्होरकी गाय फुप्फुसात मारायची. हृदयात मारली तर ती धावत सुटते आणि कळप मागे. फुप्फुसात मारली तर ती जागीच उभी राहून रक्त ओकते आणि बाकीची जनावरं गोंधळून भोवती घुटमळतात. मग जे चालू लागेल त्याला टिपायचं. सावकाश. भरभर झाडल्या तर नळी तापते आणि गोळ्या वाऱ्यावर जातात.

मारणारा एक असला तरी सोलणारे किमान दोन लागत. कातडं केस खाली करून खुंट्यांनी ताणून वाळवायचं. नीट ताणलं नाही तर गुंडाळतं, किड्यांसाठी विषाचं पाणी शिंपडलं नाही तर चाळण होते. पहिल्या हंगामात नवशिक्यांच्या हातून इतकी कातडी फुकट गेली की बाजारात पोचलेल्या प्रत्येक कातड्यामागे आणखी काही गवे नुसतेच माळावर सडले. १८८९ साली विल्यम हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञाने शिरगणती केली तेव्हा पाळलेले, राखलेले, मोकळे सगळे धरून १०९१ बायसन भरले.

बूनच्या कर्जाचं पुरं करतो. कातड्यांनी हात दिला नाही म्हणून तो जमिनीकडे वळला. केंटकीत मोजणी सरकारी नव्हती. ज्याने त्याने झाडावर खुणा करून आपला तुकडा मोजायचा आणि नोंदवायचा. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे चढत. बून मोजणीदार म्हणूनही काम करी, पण नोंदणी वेळेत पुरी करण्यात ढिला. दावे हरला, इतरांच्या मोजणीचे खटले अंगावर आले आणि १७९९ मध्ये तो तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या मिझुरीत निघून गेला. १८१४ साली अमेरिकी काँग्रेसने त्याला साडेआठशे एकर दिले. ते विकून त्याने केंटकीतली जुनी देणी भागवली. १८२० साली पंचाऐंशीव्या वर्षी गेला, तोवर मिझुरीत जमेल तेव्हा सापळे लावतच होता.

तिकडे असाल आणि बघायला जायचं असेल तर कम्बरलँड गॅपला जा. १९९६ साली मोटाररस्ता बोगद्यातून वळवला आणि खिंडीतली जुनी वाट पूर्वीसारखी करून चालायला मोकळी ठेवली आहे. पारध्यांचं सामान बघायला नेब्रास्कातलं शॅड्रनचं फर-व्यापार संग्रहालय किंवा वायोमिंगमधलं पाइनडेलचं माउंटन मॅन संग्रहालय. तिथे ठासणीची बंदूक दिसली की दस्त्यावरच्या पितळी नक्षीवर वेळ घालवू नका; कानाची जागा बघा. रंजकदानी गायब असून तिथे टोपी, म्हणजे घोडा आपटताच ठिणगी पाडणारी धातूची बारीक डबी, चढवायचा खुंट बसवलेला असेल, तर चकमकीची बंदूक १८२० नंतर कधीतरी अशा टोपीवर चालणारी करून घेतलेली आहे, म्हणजे ती खरोखर वापरली गेली. मग नळीचं तोंड बघा. गज घासून खाचा एका बाजूने झिजल्या असतील तर ती कुणाच्या तरी रोजच्या हातातली.